माळ्यावरच्या फळ्या

"मंगळवारी मी बिस्त्रित्साच्या इस्पितळात जाणार नाही," असं म्हणून वेरोनानं सूपचं पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "आता जेवा. सूप कुणासाठी थांबत नाही."

ही वेळ तिनं मुद्दामच साधली होती. तोंडात घास असला की आपल्या मुलांना भांडता येत नाही, हे तिला त्यांच्या लहानपणापासून ठाऊक होतं. शिवाय आज संत वेंडेलिनचा दिवस, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वेंडेलिनच्याही नावाचा दिवस. या दिवशी बापासमोर आवाज चढवायचा नाही, अशी या घराची रीत. मेंढ्या डोंगरावरून उतरून गोठ्यात आल्या होत्या, प्लमची दारू गाळून बाटल्यांत भरली होती, आणि म्हातारा गुळगुळीत दाढी करून टेबलाच्या वरच्या टोकाला बसला होता. सगळं कसं जुळून आलं होतं.

पण रीत रीतीच्या जागी आणि इम्रिख इम्रिखच्या जागी.

"जाणार नाही म्हणजे?" त्यानं चमचा खाली ठेवला. इम्रिख धाकटा. ब्रातिस्लाव्हात पूल बांधायचा आणि घरी आला की सगळ्यांना त्यावरून चालायला लावायचा. "आई, हृदयाची झडप आहे ती. चुलीची नाही, पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणायला."

"चुलीची तरी तू कधी दुरुस्त केलीस?"

हेडविगाला, म्हणजे थोरल्या सुनेला, सुपातच हसू फुटलं.

"डॉक्टरांशी मी बोललेय, आई." मधल्या लेकीचा, झोफाचा, आवाज शाळेतल्या मुलांना समजावते तसा झाला. "खाट ठेवलीय तुझ्यासाठी. ऑपरेशन झालं की महिनाभर माझ्याकडे झ्वोलेनला राहायचं. सगळं ठरवलंय आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?" थोरल्या ग्रेगोरनं विचारलं. "दोन घरं सोडून मी राहतो. लाकडं मी फोडतो, बर्फ मी काढतो. मला कुणी विचारलं?"

"तुला विचारलं असतं तर तू आईलाच विचार म्हणाला असतास."

"मग काय चुकलं? हृदय तिचं आहे."

वेरोनाला बरं वाटलं. थोरला आपल्या बाजूचा. पण हे बरं वाटणं पुरतं खाली उतरायच्या आतच हेडविगानं नवऱ्याकडे पाहिलं. "हृदय त्यांचं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या की हात कुणाचे? माझेच ना? मी इम्रिखच्या बाजूची आहे, आताच सांगते." लग्न झाल्यापासून हेडविगा आणि इम्रिखचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नव्हतं. इम्रिखनं तिच्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीनंच तोंड उघडलं.

भांडण अपेक्षेपेक्षा लवकर पेटलं होतं. वेरोनाला त्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष टेबलाच्या वरच्या टोकाला होतं. वेंडेलिन सुपातल्या शेवया शांतपणे चमच्यावर गोळा करत होता.

डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून या माणसानं त्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. जा म्हणाला नव्हता, नको जाऊ म्हणाला नव्हता. न्याहारी झाली की मागच्या सुतारकामाच्या कारखान्यात जायचा, आतून कडी घालायचा, आणि दिवसभर रंध्याचा आवाज यायचा. करत असेल कुणाची तरी फुयारा. ती माणसाहून उंच, तीन भोकांची बासरी वेंडेलिनसारखी या डोंगरात कुणी करत नसे आणि वाजवत तर नसेच. तरुणपणी तो दरीच्या पलीकडच्या कुरणावर मेंढ्या राखायचा आणि ती अलीकडे गवत ओढायची. त्याची धून दरी ओलांडून आली की तिच्या हातातलं दाताळं थांबायचं आणि बाप ओरडायचा, "वेरोन, गवत काय ऐकून गोळा होतं?" त्या एका धुनेवर ती या घरात आली. ती धून त्यानं तिच्याशिवाय कुणासाठी वाजवली नाही. पण वसंतापासून त्याची बोटं आखडली होती, अवजार धरता यायचं पण भोकांपर्यंत ती ताणायची नाहीत, आणि फुयारा भिंतीला टेकून उभी होती.

तरी वाजवायची नसेल तर नको वाजवू. बोलायला काय बोटं लागतात?

खरं सांगायचं तर, "जाणार नाही" हे तिनं मुलांना सांगितलंच नव्हतं. ते त्याला सांगितलं होतं. आणि तो शेवया खात होता.

"ग्रेगोर," ती मोठ्यानं म्हणाली, "जेवण झालं की माळ्यावर जा आणि माझ्या फळ्या खाली आण. ऊन चांगलं आहे. वाळत घालू."

झोफानं चमचा खाली ठेवला.

पोल्याना डोंगराच्या पायथ्याच्या या गावात मुलीचा बाप लग्नात दोन गोष्टी हमखास द्यायचा. एक पिसांचं पांघरूण आणि दुसरी फळ्या. एकाच झाडाच्या फळ्या, दोन गठ्ठ्यांत. एक गठ्ठा मुलीचा, एक जावयाचा. त्या माळ्यावर जायच्या, आणि ज्याची वेळ येईल त्याची शवपेटी त्या फळ्यांची व्हायची. यात कुणाला काही अभद्र वाटत नसे. छत्री घरात असावी, तशा त्या घरात असायच्या. वेरोनाच्या बापानं त्यासाठी बांधावरचा लार्च तोडला होता, लाल काळजाचा, दगडासारखा जड. "वाजवणाऱ्याला पोरगी देतोय," असं तो भर लग्नात म्हणाला होता, "निदान शेवटचं छप्पर तरी पक्कं असू दे." पाहुणे हसले होते आणि वेंडेलिनचे कान लाल झाले होते. नंतर जन्मभर गावातल्या सगळ्यांच्या पेट्या वेंडेलिननंच केल्या, त्या सासऱ्याचीसुद्धा.

"आई, आजच्या दिवशी?" झोफाचे डोळे भरले.

"मग कुठल्या दिवशी? मेल्यावर मला उठून सांगता येणार आहे?"

ग्रेगोर उठला. त्याच्या वजनानं शिडी कुरकुरली, वर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मग बराच वेळ काही नाही. तो खाली आला तेव्हा त्याच्या केसांना जळमटं लागली होती.

"आई, बाबांच्या आहेत," तो म्हणाला. "तुझ्या नाहीत."

"नाहीत म्हणजे? नीट बघ. धुराड्याच्या डाव्या बाजूला."

"डाव्या बाजूला फक्त जागा आहे."

आता मात्र सगळे एकदम बोलायला लागले. चोर आला असेल, असं हेडविगा म्हणाली. चोर लार्चच्या फळ्या नेतो आणि शेजारची धुरावलेली डुकराची मांडी टांगलेली ठेवतो का, असं ग्रेगोर म्हणाला. इम्रिख आणि झोफानं एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनी बापाकडे. ती नजर वेरोनाला ओळखीची होती. म्हातारा चाव्या विसरतो, परवा गॅस विसरला, हे त्यांचं फोनवर चाललेलं असायचं.

"बाबा," झोफानं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला, "तुम्ही कुणाला देऊन टाकल्यात का? आठवतंय का काही?"

वेंडेलिननं पावाच्या तुकड्यानं बशी पुसली, तो तुकडा खाल्ला आणि तोंड टिपलं.

"मागे आहेत," तो म्हणाला.

सगळे उठून मागे गेले. वेरोना शेवटी, भिंतीला धरून. पायऱ्या उतरल्या की हल्ली छातीत पाखरू फडफडायचं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती नेहमी शेवटी उतरायची. कारखान्यामागे, प्लमच्या झाडाखाली, ताडपत्रीनं झाकलेलं काहीतरी उभं होतं. म्हाताऱ्यानं दोरी सोडली आणि ताडपत्री ओढली.

ते कोंबड्यांचं खुराडं होतं.

लाल, तुकतुकीत लार्चचं. चार पायांवर जमिनीपासून वर उचललेलं. कोपऱ्यांत एक खिळा नाही. फळ्यांची टोकं एकमेकींत बोटं गुंफावीत तशी बसवलेली. छोटं दार, त्याला लाकडाची कडी. आणि दाराभोवती तो फुयारावर कोरतो तीच वेल, पानं आणि कळ्या, मुंगीलाही वाट चुकेल इतकी बारीक.

ग्रेगोरनं वाकून एक सांधा चाचपला. वेरोना मात्र भडकली.

"माझ्या बापाचा लार्च!" तिचा आवाज चिरकला. "माझ्या बापाचा लार्च, आणि तू त्याचं खुराडं केलंस? कोंबड्या हगणार त्यावर? अरे म्हाताऱ्या, तुझी अक्कल काय त्या रंध्याखाली गेली? छिलप्याएवढा तुकडा वाया घालवत नाहीस तू, आणि माझ्या फळ्या, माझ्या..."

"हे बघ, मी म्हणत नव्हतो?" इम्रिख झोफाच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आईला ऑपरेशन आणि बाबांना डॉक्टर. दोघांना एकदमच न्यावं लागेल."

"गप रे," ग्रेगोर म्हणाला. इतका वेळ तो काहीतरी आठवत उभा होता. त्याचा जन्म लाकडाच्या गिरणीत गेलेला. झाडाची जात त्याला अंधारात वासावरून कळायची. "बाबा, एक विचारू? वर तुमचा गठ्ठा हलवून बघितला मी. हलका लागला. वरची एक फळी लार्च आहे. खालची सगळी भरती आहे, साधं पाइन. तुमच्या फळ्या कुठं गेल्या?"

वेंडेलिननं टोपी काढली आणि पुन्हा घातली. बोलायची वेळ आली की तो हे करायचा; इतरांना वाटायचं जायला निघाला.

"तू झालास तेव्हा," तो म्हणाला, "वेळेच्या आधी झालास. एवढासा. बर्फानं रस्ता बंद होता, गिरणीपर्यंत जाता येईना. घरात होतं ते सगळं लाकूड ओलं. ओल्या लाकडाचा पाळणा चिरतो. मग वर गेलो."

त्या पाळण्यात ग्रेगोर वाढला होता, त्याच्या पाठचे दोघं, मग त्याची स्वतःची पोरं. आता त्याच्या मुलीला दिवस गेले होते आणि पाळणा परवाच पुसून ठेवला होता.

"आणि मग?" झोफानं विचारलं.

"मग तू शिकायला निघालीस. तुझी आई म्हणाली, पोरगी परक्या गावात चालली, तिचं म्हणून काहीतरी कुलुपाचं हवं."

"माझा पेटारा?" झोफा मटकन ओंडक्यावर बसली. "रोज सकाळी मी त्याच्यावर बसून बूट घालते, बाबा. रोज!"

"लार्च आहे. वजन पेलतो."

हेडविगा पुन्हा हसली, पण डोळे पुसत. इम्रिखला आठवली ती त्याची बर्फगाडी, गावात सगळ्यात वेगवान, लाल लाकडाची. त्या गाडीवरून तो चर्चच्या भिंतीवर आदळला होता. दात पडला, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. "ती तर मी... मी ती नदीवर विसरून आलो होतो," तो म्हणाला. "वाहून गेली. तुम्ही मला एका शब्दानं रागावला नाहीत."

"गाडी गेली, पोर तर परत आलं ना," म्हातारा म्हणाला.

वेरोना ऐकत उभी होती. दर वर्षी मृतात्म्यांच्या सणाआधी ती फडकं घेऊन माळ्यावर जायची. दोन्ही गठ्ठे पुसायची, आपला आणि त्याचा, आणि दोघांची सोय आहे या समाधानानं खाली यायची. वरची फळी उचलून खाली बघावं, असं कधी मनात आलं नाही. इतकी वर्षं ती पाइनची धूळ झटकत होती! तिला रडू यावं की हसू, हेच कळेना. त्याची पेटी या अंगणातून केव्हाच निघून गेली होती. तिच्यात तिची पोरं झोपली होती आणि तिच्यावर बसून डोंगर उतरली होती.

"आणि माझ्या?" तिनं विचारलं.

"तुझ्यातली एकही घेतली नाही. कधीच नाही." त्यानं पुन्हा टोपी काढली. "या महिन्यापर्यंत."

हेडविगाला एक गोष्ट चांगली कळायची, आणि ती म्हणजे कुठून कधी निघून जायचं. "चला आत सगळे," तिनं टाळ्या वाजवल्या. "केक थंड होतोय."

"केक थंडच असतो," इम्रिख म्हणाला.

"मग गरम होतोय. चल!"

मागे दोघंच उरली. प्लमच्या झाडाची पानं खुराड्याच्या छपरावर पडत होती. वेरोना ओंडक्यावर बसली.

"बोल आता," ती म्हणाली. "पोरं गेली."

"कोल्ह्यानं तुझ्या कोंबड्या नेल्या तेव्हापासून मागत होतीस. नवं खुराडं कर, नवं खुराडं कर. मी म्हणायचो, ही एक फुयारा झाली की करतो."

"आणि फुयारा संपायच्या नाहीत. साऱ्या डोंगराला बासऱ्या आणि माझ्या कोंबड्या उघड्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण म्हणून त्या फळ्या? अंगणात एवढं लाकूड पडलंय."

तो तिच्याजवळ बसला. त्याच्या हातांना ताज्या लार्चचा वास होता, तिच्या बापाच्या अंगणातला.

"गावात सगळ्यांच्या पेट्या केल्या मी," तो म्हणाला. "तुझ्या बापाची केली, माझ्या आईची केली. रात्रीत बसून केल्या, हात थरथरला नाही. त्या दिवशी तू डॉक्टरकडून आलीस आणि स्वयंपाकघरात म्हणालीस, माझ्या फळ्या आहेत की वर. अगदी सहज म्हणालीस, मीठ आहे की फडताळात, तशी. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. त्यांच्याकडे बघितलं, आणि मला ते काम जमणार नाही हे कळलं. तुझी पेटी मी करणार नाही, वेरोन. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. मग म्हटलं, त्या फळ्याच ठेवायच्या नाहीत."

"आणि मी मेले तर? चादरीत गुंडाळणार?"

"तुला आता मरायला सवड नाही. कोंबड्या येणार आहेत."

ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला. गेले कित्येक दिवस कुणालाच न सांगितलेली गोष्ट मग तोंडातून आपसूक बाहेर आली. "मला भीती वाटते रे. ते झोपवतात आणि छाती उघडतात. मी तिथं, परक्या खोलीत, जागीच झाले नाही तर? त्यापेक्षा इथं, आपल्या घरात..."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "म्हणून तर तोंड उघडत नव्हतो. जा म्हणालो आणि तू परत आली नाहीस, तर ते माझ्यामुळे. नको जाऊ म्हणालो, तरी माझ्यामुळे." त्यानं गुडघ्यावरची साल झटकली. "पण आता म्हणतो. जा. जा आणि परत ये."

एवढंच. इतक्या दिवसांत तिला हवं होतं ते एवढंच होतं.

ती बराच वेळ नाक पुसत बसली. मग म्हणाली, "वाजव."

"बोटं चालत नाहीत. खालच्या भोकापर्यंत पोचतच नाहीत."

"आण तर खरी."

त्यानं कारखान्यातून फुयारा आणली आणि उभा राहून अंगाशी धरली. वरची दोन भोकं कशीबशी झाकली. तिसरं उघडंच राहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग घराकडे. या डोंगरात बायकांनी फुयाराला हात लावायचा नाही, असा दंडक होता. लाकूड मुकं होतं म्हणत. वेरोनानं इतक्या वर्षांत या घरातल्या शेकडो फुयारांवरची धूळसुद्धा फडकं लांब धरून झटकली होती.

"लाव," तो म्हणाला.

"मुकी झाली तर?"

"मग दुसरी करीन. लाव बोट."

तिनं उठून, किंचित वाकून, खालचं भोक बोटानं दाबलं. त्यानं श्वास भरला आणि फुंकलं. वरून खाली सुरांचा लोंढा कोसळला आणि लाकूड तिच्या बोटाखाली थरथरलं. धून तिला पाठ होती. कुठं बोट उचलायचं ते मात्र माहीत नव्हतं. त्यानं भुवई वर केली की ती उचलायची, नेहमी एका श्वासानं उशिरा. धून लंगडत लंगडत चालली, दोनदा अडखळली, पण दरीच्या टोकापर्यंत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिन्ही पोरं एकमेकांना ढकलत उभी होती. ग्रेगोर इम्रिखला काहीतरी सांगत होता आणि इम्रिख, नवल म्हणजे, ऐकत होता.

धून संपली. वेरोनाच्या छातीतलं पाखरू फडफडत होतं. ते जरा बसेपर्यंत तिनं बोट तसंच ठेवलं. मग खुराड्याकडे गेली, कडी उघडून बघितली, लावून बघितली, आत हात घालून कोपरे चाचपले.

"किती मावतील?" तिनं विचारलं.

"दहा-बारा, आरामात."

"मंगळवारी किती वाजता निघायचं ते इम्रिखला विचार," ती म्हणाली. "आणि मी नसताना कोंबड्या आणून ठेव, म्हणजे जागेला रुळतील. कोंबडा मात्र आणू नकोस. तुला त्यातलं कळत नाही. कोंबडा मी आल्यावर माझी मी बघून आणीन."